कव्हरेज संपल्यानंतरचा नकाशा

आमच्या पाहणीच्या फॉर्ममध्ये चौथा प्रश्न ‘तलावाचे स्थान’ असा होता. त्याच्यापुढे उत्तर लिहिण्याची जागा नव्हती, फक्त एक बटण होते. ते दाबले की मोबाइल क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबायचा आणि अक्षांश-रेखांश भरून मोकळा व्हायचा. फॉर्म तयार करताना हा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटला होता. तलावाची मालकी, गाळाची खोली, मासेमारीचा ठेका या प्रश्नांवर वाद होतील, पण तलाव कुठे आहे यावर कोण कशाला वाद घालील, असा माझा हिशेब होता. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत मामा तलावांची नोंद करीत दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा हिंडल्यानंतर आज सांगता येते, की माझा सर्वाधिक वेळ याच प्रश्नाने खाल्ला.

‘मामा तलाव’ हे नाव ऐकून पुण्या-मुंबईकडच्या मित्रांना कोणाच्या तरी मामाचा तलाव आठवतो. प्रत्यक्षात ती ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे आहेत. पूर्व विदर्भातील नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधले गेले. त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजाने बांधले, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे असे सांगितले जाते. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मात्र पाण्यावरचे, मासोळीवरचे आणि काठावरच्या गवतावरचे गावाचे हक्क निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या जुन्या कागदांत नोंदलेले राहिले. हे तलाव हजारोंच्या संख्येने आहेत, त्यांतील अनेक तर बोडी म्हणावे इतके लहान आहेत, आणि बहुतेक अशा गावांच्या शिवारात आहेत जिथे पोहोचेपर्यंत मोबाइलच्या कोपऱ्यातील उभ्या रेघा एकेक करून गळून गेलेल्या असतात. आमच्याकडे याला ‘कव्हरेज गेले’ असे म्हणतात, आणि ते एखाद्या पाहुण्याबद्दल बोलावे तितक्या सहज म्हणतात.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांचा पहिल्या दिवशीचा समज असा होता, की कव्हरेज गेले म्हणजे जीपीएसही गेले. तो दूर करण्यासाठी मी त्यांना एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, नेले, मोबाइलमधील सिम काढून खिशात ठेवले आणि निळा ठिपका त्यांना दाखवला. तो आमच्याबरोबर पाळीवरून चालत होता. उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतात. मोबाइल त्यांना काहीही विचारत नाही, तो फक्त ऐकतो आणि आवाज पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते, परंतु मोबाइलमधील घड्याळ स्वस्तातले असल्यामुळे त्याची चूक दुरुस्त करायला चौथा लागतो. इंटरनेटचा उपयोग एवढाच, की कोणता उपग्रह सध्या आकाशात कुठे आहे ही माहिती त्याच्याकडून चटकन मिळते. ते नसेल तर मोबाइलला ती माहिती उपग्रहाच्याच तोंडून ऐकावी लागते, आणि उपग्रह ती सावकाश, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पुन:पुन्हा सांगत असतो. सर्व उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण ऐकायची तर साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून साकोलीच्या बसस्थानकावर चहा होईपर्यंत, कव्हरेज असतानाच, सर्वांनी एकदा नकाशा उघडून ठिपका स्थिर करून घ्यायचा, असा आमचा नियम झाला. २ मे २००० पूर्वी अमेरिकेने सामान्य माणसाच्या यंत्रासाठी या संकेतात मुद्दाम घोळ घातलेला असे आणि बिंदू शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे पडत असे. त्या काळी आम्ही हे काम करीत असतो तर आमचे निम्मे लहान तलाव शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत जाऊन बसले असते.

ठिपका असतो, पण त्याच्याखालचा कागद नसतो, ही खरी अडचण. कव्हरेज नसलेल्या गावात ऐनवेळी उघडलेला नकाशा म्हणजे करड्या रंगाची चौकट आणि तिच्यावर एकटा चाललेला निळा ठिपका. म्हणून कागद आदल्या रात्री घरून घेऊन निघावे लागते. मी पहिल्या आठवड्यात तो घेतला, पण चुकीचा घेतला. उपग्रहचित्रांचा नकाशा लहान-लहान चौकोनी तुकड्यांत साठवलेला असतो आणि आपण एक पातळी जवळ गेलो की प्रत्येक तुकड्याचे चार तुकडे होतात. तीस किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद प्रदेश चौदाव्या पातळीवर साधारण पावणेदोनशे तुकड्यांत मावतो. तोच अठराव्या पातळीवर घ्यायचा तर चव्वेचाळीस हजारांच्या आसपास तुकडे लागतात. मोबाइलमधील जागा वाचवण्याच्या हिशेबाने मी चौदाव्या पातळीवर थांबलो. दुसऱ्या दिवशी शिवारात उभा राहून नकाशा मोठा करू लागलो तेव्हा तलावाऐवजी एक अंगठ्याचा ठसा दिसला. त्या पातळीवर पडद्यावरचा एक कण जमिनीवरच्या जवळजवळ नऊ मीटरांएवढा असतो, आणि आमच्याकडची पांधण, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, तीन मीटर रुंद असली तरी लोक तिला मोठी म्हणतात. त्या दिवशी मला नकाशात एकही पांधण सापडली नाही आणि आम्ही एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरून, त्याची बोलणी खात, तलावापर्यंत गेलो.

दुसऱ्या प्रकारचा नकाशा चित्रांचा नसून रेघांचा असतो. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जगभरातील लोकांनी काढलेले रस्ते, नद्या, घरे आणि नावे असतात, आणि ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँडसारखी ॲप्स तीच माहिती मोबाइलमध्ये उतरवून देतात. जागा थोडी लागते आणि कितीही जवळ गेले तरी रेघ धूसर होत नाही. मात्र कोणी काढलेच नसेल ते त्यात नसते. आमच्या तालुक्यांत डांबरी रस्ते व्यवस्थित होते, पांधणी तुरळक होत्या आणि बहुतेक तलाव बिननावाचे निळे डाग होते. चित्राच्या नकाशात सर्व काही असते आणि कशालाच नाव नसते. रेघांच्या नकाशात जे आहे त्याला नाव असते, पण बरेच काही नसतेच. मी दोन्ही घेऊन फिरू लागलो. तलावांची नावे विचारून मी रोज रात्री रेघांच्या नकाशात भरत असे, आणि एका गावातील चार बोड्यांची नावे भरताना लक्षात आले, की त्यांतील तीन नावे ती बोडी आज ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या पणजोबांची आहेत.

एका ॲपची हकिगत मात्र सांगून टाकतो. ते कव्हरेजशिवाय चालते असे त्याच्या जाहिरातीत होते आणि चालतही होते. परंतु दर काही दिवसांनी ते पासवर्ड मागत असे आणि तो तपासायला त्याला इंटरनेट लागे. हे आम्हाला कळले ते अर्जुनी मोरगाव तालुक्यात, भर दुपारी, मुख्य रस्त्यापासून दहा-अकरा किलोमीटर आत असताना. त्या दिवसाच्या नोंदी वहीत केल्या. तेव्हापासून वही कायमची झोळीत राहिली. उतरवलेल्या नकाशांनाही कित्येक ॲप्समध्ये मुदत असते, ती संपली की नकाशा न सांगता नाहीसा होतो. म्हणून घरून निघण्यापूर्वी मोबाइल विमान-मोडवर टाकून एकदा सगळे उघडून पाहावे, हा सल्ला मी भेटेल त्याला देतो आणि कंटाळवाणा ठरतो.

तलावांचे नकाशे करणाऱ्याला ऋतूचा घोळ सर्वांत अवघड जातो. नकाशाखालचे उपग्रहचित्र कोणत्या महिन्यातील आहे हे सहसा चटकन कळत नाही. पावसाळ्यात ढग असल्यामुळे स्वच्छ चित्रे हिवाळ्या-उन्हाळ्यातच मिळतात, आणि नकाशा करणारे स्वच्छ चित्र निवडतात. त्यामुळे आमच्या कित्येक तलावांच्या जागी तपकिरी माळ दिसे. काही ठिकाणी हिरवळ दिसे, आणि ती उन्हाळी धानाची आहे, आपोआप उगवणाऱ्या देवधानाची आहे, की तलाव गिळत चाललेल्या बेशरमाच्या झुडपांची आहे हे वरून ओळखता येत नसे. एका गावात तर चित्राच्या दोन तुकड्यांची शिवण नेमकी तलावातून गेली होती: उत्तरेचा अर्धा तलाव भरलेला, दक्षिणेचा अर्धा कोरडा. ते पाहून गावातील एक तरुण म्हणाला, “आमच्या दोन पार्ट्यांनी तलाव वाटून घेतला दिसते.” हसू आले, पण त्याने राजकारणाचा जो उल्लेख केला तो अगदीच खोटा नव्हता.

मग मी स्वत:चा नकाशा करून नेऊ लागलो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांतील एक कण दहा मीटरांचा असतो, म्हणजे पांधण शोधायला ती निरुपयोगी आहेत, परंतु दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जात असल्यामुळे ऋतू पाहायला त्यांच्यासारखे साधन नाही. मी प्रत्येक तालुक्यासाठी दोन चित्रे निवडली. एक पाऊस संपल्यानंतरच्या ऑक्टोबरचे, तलाव भरलेले असतानाचे, दुसरे मेमधील. क्यूफील्ड नावाच्या ॲपमध्ये दोन्ही एकावर एक ठेवली, त्यांच्यावर महसुली गाव नकाशा पारदर्शक करून टाकला, आणि पाळीवर उभे राहून बोटाने एक झाकून दुसरे उघडावे अशी सोय केली. ऑक्टोबर उघडला की समोर पाणी, मे उघडला की समोर वावर. हे दाखवल्यावर लोक माझ्याशी वेगळ्या सुरात बोलू लागले. आधी ते मोबाइलकडे सरकारी यंत्र म्हणून पाहत होते, आता त्यांतील कोणीतरी बोट लावून म्हणे, “हे मे मधलं नाही, हे कापणीनंतरचं आहे, या बांधीत लाखोरी दिसून राह्यली.” आणि बहुधा तेच बरोबर असे.

गाव नकाशा पारदर्शक करून टाकला असे मी एका वाक्यात लिहिले, पण त्याला दोन महिने लागले. जुने नकाशे आणि आजचा जीपीएस पृथ्वीचा आकार वेगवेगळा धरतात, त्यामुळे सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा जसाच्या तसा बसवला तर आमच्या भागात तो दीडशे मीटरांच्या आसपास सरकतो. ज्या मोजणीतून हे जुने गणित निघाले, ती १८०२ साली मद्रासेत सुरू करणारा विल्यम लॅम्बटन आमच्या विदर्भातच वारला. नागपूरकडे निघालेला असताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला त्याचा अंत झाला आणि त्याची कबरही तिथेच आहे. मी एकदा मुद्दाम वाट वाकडी करून हिंगणघाटला उतरलो होतो. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाहून नेत अर्धा हिंदुस्थान मोजणाऱ्या माणसाच्या गावी उभे राहून, खिशातील पावशेराहून हलक्या वस्तूवर आपण चिडतो कशाबद्दल, हे स्वत:ला विचारणे मला आवश्यक वाटले होते. महसुली नकाशांत आणखी एक मौज असते, ती रिठी गावांची. नकाशावर शीव आहे, नाव आहे, गट क्रमांक आहेत आणि जागेवर एकही घर नाही. असते ते चिंचेचे झाड, एखादी बुजलेली विहीर आणि बहुतेक वेळा एक तलाव. अशा तलावाची माहिती विचारायला माणूस शोधावा लागतो, आणि तो शेजारच्या गावात सापडतो.

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे येतो. सुरुवातीला मी पाळीच्या मध्यावर उभा राहून बटण दाबत असे. एका गावात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे एक वयस्कर काका माझ्याबरोबर आले होते. डोंगा काठाला लावून ते माझा उद्योग पाहत उभे राहिले. मी ॲपला पाच मीटरांची अट घातलेली होती. चूक त्याच्या आत आल्याशिवाय ते नोंद घेत नसे. पाळीवर आंबा आणि मोहाची जुनी झाडे होती, त्यांच्या पानांतून संकेत नीट पोहोचत नव्हता आणि आकडा आठ-नऊवर अडला होता. मी झाडाखालून सरकून उघड्यावर गेलो तसे काकांनी विचारले, की मी तलाव शोधतो आहे की सावली चुकवतो आहे. मी प्रश्न समजावून सांगितला. ते म्हणाले, “तलाव म्हणजे का एक जागा आहे का, भाऊ? तुमाले कोणता पाह्यजे, पाण्याचा का पाळीचा?”

मी हसून विषय बदलला, परंतु रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक गावात हा प्रश्न माणसांना विचारू लागलो: या तलावाची एकच जागा दाखवायची तर तुम्ही कोणती दाखवाल? धान करणारा शेतकरी मला तुडमाशी नेई, म्हणजे जिथून पाटाला पाणी सुटते तिथे. रोवणीच्या दिवसांत परहे, म्हणजे धानाची रोपे, सुकू लागले की त्याचा सगळा तलाव तेवढ्या एका भोकात असतो. मासेमार पाण्यातील एका दिशेला हात करीत आणि म्हणत, तिथे खोल आहे, उन्हाळ्यात तेवढेच राहते. बायकांनी घाट दाखवला. पटवाऱ्याने जागेवर न येता गट क्रमांक सांगितला. आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला पाळीच्या टोकाशी, जिथून जास्तीचे पाणी बाहेर पडते त्या सलंगाशी नेऊन उभे केले आणि म्हणाला, की सलंग किती उंच आहे त्यावर तलाव किती मोठा आहे ते ठरते, बाकीचे सगळे त्याच्या मागून येते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तोच सर्वांत नेमका होता. मी फॉर्ममधील चौथा प्रश्न काढून त्याच्या जागी चार प्रश्न घातले: तुडूम, सलंग, खोल पाणी आणि घाट. संस्थेत कोणी तरी विचारले, की संगणकाला एका तलावासाठी एकच बिंदू लागतो, त्याचे काय करायचे. मी सांगितले, सलंग घ्या.

आकड्यांचे असेच एक-दोन धडे मिळाले. एका सहकाऱ्याने वहीतून उतरवताना एकवीस अंश आठ मिनिटे हे २१.०८ असे लिहिले, आणि तलाव जवळजवळ सहा किलोमीटर दक्षिणेला, दुसऱ्याच गावच्या शाळेच्या पटांगणात जाऊन पडला. आठ मिनिटे म्हणजे अंशाचा ०.१३ भाग हे त्याला माहीत होते, फक्त त्या वेळी सुचले नाही. क्षेत्रफळाचे दुखणे याहून वाईट. काठाने चालत तलावाला वेढा घातला की ॲप हेक्टर काढून देते आणि ते चार दशांश स्थळांपर्यंत देते, म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतात. अर्ध्या हेक्टरच्या बोडीची एक बाजू सत्तर मीटरांची असते. चारही काठ पाच-पाच मीटर बाहेर सरकले तर तिचे क्षेत्र तीस टक्क्यांनी फुगते. पन्नास हेक्टरच्या तलावाला तेवढ्याच चुकीने तीन टक्क्यांचाही फरक पडत नाही. म्हणजे मोठ्या तलावाचा आकडा खरा आणि गरिबाच्या बोडीचा आकडा अंदाज, आणि फॉर्ममध्ये दोन्ही सारखेच ठाम दिसतात. मी एक हेक्टरच्या आतील बोड्या टेपने मोजायला लावल्या. मुलांनी कुरकुर केली, तीही योग्य होती, कारण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत टेप धरून उभे राहणे हा काही खेळ नाही, आणि त्या उन्हात मोबाइलसुद्धा तापून स्वत:चा पडदा अंधुक करून घेतो.

हे सर्व तंत्राचे प्रश्न झाले. एका संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. गावात कव्हरेज नव्हते, म्हणून दिवसभराच्या नोंदी मोबाइलमध्येच पडून होत्या. मुक्काम तिथेच होता. जेवणे झाल्यावर लोक जमले आणि मी मोबाइल ओट्यावर ठेवून त्यांना नकाशा दाखवू लागलो. आधी प्रत्येकाने आपापले घर शोधले, ते नेहमीचेच. मग एक शेतकरी वाकून पाहू लागला आणि त्याचे बोट मी काढलेल्या निळ्या रेघेवर थांबले. सलंग वाहू लागण्याइतका तलाव भरला तर पाणी कुठपर्यंत पोहोचेल ते दाखवणारी ती रेघ होती. “हे माह्यं वावर तुमच्या रेघेच्या आत कायले घेतलं?” त्याने विचारले.

तलावाच्या पोटात, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर, बऱ्याच गावांत शेती होते. काही ठिकाणी ते सरळ अतिक्रमण असते आणि ते करणारा गावातील सर्वांत सबळ माणूस असतो. काही ठिकाणी ते तीन पिढ्यांचे असते आणि करणाऱ्याकडे दुसरी जमीन नसते. वरून पाहिले तर दोन्हींचा रंग एकच. मी त्याला सांगितले, की सलंगाची उंची मोजून रेघ काढली आहे, ती बरोबर आहे. तो म्हणाला, रेघ बरोबर आहे, पण पाणी तिथे आठ दिवस असते आणि मग उतरते, हे रेघेत कुठे लिहिले आहे? ओट्यावरच्या दुसऱ्या एकाने त्याला अडवले: आठ नाही, वीस दिवस, आणि तू वरून माती टाकली म्हणून आठ झाले. वाद तासभर चालला. त्यांतून जे निघाले ते मी तिथेच फॉर्ममध्ये घातले: एक रेघ सलंगाच्या उंचीची, दुसरी साधारण वर्षाच्या पाण्याची, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पाणी किती दिवस राहते ते, कोणी सांगितले त्याच्यासह, दोन्ही बाजूंचे आकडे. त्या शेतकऱ्याचे वावर रेघेच्या आतच राहिले. मी ते बाहेर काढले नाही आणि त्यानेही शेवटी तसा आग्रह धरला नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट लख्ख दिसली. त्या गावात टॉवर असता तर ती पहिली, एकटी निळी रेघ दुपारीच नागपूरच्या संगणकात पोहोचली असती, तिचे क्षेत्र मोजले गेले असते, तक्त्यात बसले असते, आणि ती ओट्यावर कधी आलीच नसती. कव्हरेज नसल्याबद्दल मी वर्षभर कुरकुर केली होती. ते नसल्यामुळे नोंद आणि पाठवणी यांच्या मध्ये एक रात्र राहत होती, आणि तेवढ्या रात्रीत ज्यांचा तलाव त्यांना ती वाचता येत होती. आता ज्या गावांत भरपूर रेंज आहे तिथेही मी मुलांना नोंदी लगेच पाठवू देत नाही. ॲपमधील ‘आपोआप पाठवा’ ही सोय मी बंद करून ठेवली आहे. याबद्दल मला वरून दोनदा विचारणा झाली, कारण रोजचे काम रोज दिसले पाहिजे असा नियम आहे. मी दोन्ही वेळा तांत्रिक अडचण असे उत्तर दिले, आणि ते उत्तर कोणी तपासून पाहिले नाही.

गेल्या जूनमध्ये शेवटची फेरी झाली. परतीच्या वाटेवर एका टेकडीवर मोहाचे झाड आहे, आणि आसपासच्या दोन गावांतील मुले फोन लावायला तिथे येऊन उभी राहतात, इतके त्या झाडाखालचे कव्हरेज प्रसिद्ध आहे. मी गाडी लावली, बटण दाबले आणि नोंदी एकेक करून जाऊ लागल्या. तीस नोंदींपैकी एकोणतीस गेल्या. तिसावी मीच मागे ठेवली होती. ती डोंग्यावाल्या काकांच्या तलावाची होती. तिथे कोणी तरी सलंगावर दगड रचून पाण्याची पातळी हातभर उंचावली होती. मासोळीसाठी ते बरे आणि तलावाच्या पोटात शेती करणाऱ्यांसाठी वाईट, त्यामुळे खरा सलंग कोणता, जुना की दगडांसकटचा, यावर गावाचे एकमत होत नव्हते. काका म्हणाले होते, “रोवणीच्या टायमाले या. पाणी जिथून जाईन तोच सलंग.”

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग दोन रात्री पाऊस लागला. तिसऱ्या सकाळी मी काकांना फोन लावला, सलंग वाहू लागला का हे विचारायला. ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर होते. दुपारी पुन्हा लावला, तेव्हाही तेच. संध्याकाळी मोबाइलमधील जुने नकाशे काढून टाकले आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या गाडीसाठी त्या तालुक्याचे नवे तुकडे, या वेळी अठराव्या पातळीपर्यंत, उतरवायला लावले.